हुंकाराच्या जागा

त्या रविवारी माझी पोलिओच्या बूथवर ड्यूटी होती, म्हणून शालूकडे गेले नाही. "पुढच्या रविवारी नक्की," असं फोनवर सांगून मोकळी झाले. मधल्या गुरुवारी तिच्या भावाचा, अविनाशचा फोन आला. "जयभीम ताई... शालू गेली." किडनीचं दुखणं जुनं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी वर्गात परतल्यावर कोणता धडा चालू होता, तेच मला आठवेना. दीड महिना झाला त्याला.

शालिनी माझी डी.एड.ची मैत्रीण. मी पिंपळवंडीच्या शाळेत लागले. तिने पेठला, हायवेलगत, दोन कॉम्प्युटरचा क्लास काढला. पोट टायपिंगवर, जीव चित्रांत. जहाजावर काम करणाऱ्या अविनाशने एकदा क्रोएशियाच्या बंदरातून इंग्रजीत छापलेलं परीकथांचं पुस्तक आणलं आणि बाईसाहेबांना वेडच लागलं. म्हणाली, "आपल्या पोरांना या गोष्टीत शिरता आलं पायजे." मग एकेक चित्र माउसने काढायचं, ते हलतं करायचं. बर्फ आम्ही दोघींनीही कधी पाहिलेला नव्हता. तिने भीमाशंकरचं श्रावणातलं धुकं आठवून बर्फ रंगवला, आणि त्या परदेशी रानात एक शेकरूही सोडलं. तिकडच्या पऱ्यांना म्हणे बकरीचे खूर असतात. ते मात्र तिने तसेच ठेवले... अजूनही सकाळी धुकं पडलं की मला खुरांचा आवाज येतो.

गोष्ट होती बर्फात वाट चुकलेल्या मेंढपाळाच्या मुलीची. आवाज शालूचाच. पण हुंकाराशिवाय तिला गोष्ट सांगताच यायची नाही. आमच्याकडे रीतच आहे, ऐकणाऱ्याने वाक्यागणिक 'हूं' म्हणायचं. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. म्हणून मी समोर बसायचे. तिची आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "दिवसा गोष्ट सांगू नाय गं, मामा वाट चुकतो! आन् आपल्या घरचा मामा, अविनाश, तर दर्यावर हाय." पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर जिथे तिथे माझंच हूं. "म्हशीवानी हंबरतीस राव!" शालू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझे हुंकार कापून टाकले, तर जागोजाग भोकं पडली. ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "राहू दे. तिथं पोरांनी क्लिक करायचं. हुंकार दिला तर गोष्ट पुढं, नाय तर थांबली."

शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता, मुलगी घरी पोचते तो. डायलिसिसहून आली की शालू भिंतीला टेकून बसायची आणि तेच बोलायची. "पोरगी घरी पोचली पायजे गं. अर्ध्या रानात सोडून कसं चालंल?" तो रविवार त्यासाठीच ठरला होता. मला माहीत होतं. बदली ड्यूटी मागता आली असती. मी मागितली नाही, हे आता लिहूनच टाकते.

गेल्या आठवड्यात अविनाशने बोलावलं. "ताई, शेवटचं तिनं एकटीनंच केलंय. त्याच रविवारी. आमी कुणी उघडलं न्हाई." मी तिच्या खुर्चीवर बसले. धुकं आलं, शेकरू आलं, परीचे खूर वाजले. माझ्या एकेका कापलेल्या हुंकारावर क्लिक करत मी शेवटापाशी पोचले. तिथे शालूला धाप लागलेली. दोन वाक्यं सांगून ती सवयीने थांबली. समोर कोणी नव्हतं... मग हळूच तिचा आवाज आला, "ऐकतीस ना गं?"

हे तिने कापलं नव्हतं. पडद्यावर घराच्या खिडकीत दिवा होता आणि मुलगी एक पाय उचलून थबकलेली. स्वयंपाकघरात आईच्या भांड्यांचा आवाज थांबला. माउसवर माझं बोट होतं, पण नुसतं बोट दाबणं मला जमेना.

मी मोठ्याने म्हणाले, "हूं." मग बोट दाबलं.

मुलीने पाऊल टाकलं, आणि शालू पुढे सांगू लागली.