खालून वर सोडवलेलं गणित

आज दुपारी किरनापूरला मीनूनं वही माझ्याकडे फिरवली, अन् त्या क्षणी माझं सगळंच बदललं.

मीनू म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीची, सोनालीची, बारावीतली बहीण. फिजिक्सचा होमवर्क अडला म्हणून तिनं बोलावलं होतं. मला कॅल्क्युलस सोनालीनंच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी ती तापात गेली, मी कॉलेज सोडलं. मनातलं सांगायचं राहूनच गेलं.

वर फेकलेल्या चेंडूचं गणित वहीत सोडवलेलंच होतं. उत्तर आधी पानाच्या तळाशी, मग पायऱ्या खालून वर. असं फक्त सोनाली सोडवायची.

"कोनं शिकवलं तुले हे?" मी ओरडलोच.

"ताईनं. आत्ताच." मीनूनं बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "दादा, ताई म्हनते, आधी आवाज कमी कर."

सोनाली मला रोज हेच म्हणायची.

दोस्तहो, तुम्ही थांबले असते का? मी बाहेर आलो, अन् दार हळूच लावलं.