आईनं मला दलालाच्या हाती दिलं तेव्हा

माझ्या आईनं मला एकदा दलालाच्या हाती सोपवलं. भर दुपारी, फॅक्टरीच्या क्वार्टरसमोर, सगळ्या आळीदेखत. हे वाक्य मी कुठंही टाकलं की ऐकणाऱ्याचा चहाचा कप हातातच राहतो, आणि ते पाहायला मला अजूनही मजा येते.

ते एकाहत्तरचे दिवस. युद्ध होणार हे जबलपुरात वर्तमानपत्रांच्या आधी आमच्या स्वयंपाकघराला कळलं, कारण दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बाबांचे ओव्हरटाइमचे डबे वाढले होते. खिडक्यांच्या काचांवर आम्ही खाकी कागद चिकटवत होतो. अशात मुंबईहून एक सिनेमा कंपनी आली. कंपनी म्हणजे पाच माणसं, एक कॅमेरा आणि भाड्याची जीप. दिग्दर्शकाची बायको मेकअप करायची. खलनायक स्वतःचा सीन नसला की चंदेरी कागद लावलेली फळी धरून दुसऱ्यांच्या तोंडावर ऊन पाडायचा. दिव्यांचा खर्च नको म्हणून सगळं काम उन्हात, आणि आवाजही नंतर मुंबईत भरणार होते. इथं आम्ही नुसती तोंडं हलवायची.

त्यांना घर फुकट हवं होतं. बाबा गणपतीत नाटकं करायचे, कलाकार दिसला की विरघळायचे, त्यामुळे घर मिळालं आमचं. नायिकेची तारीख हुकली म्हणून मुलगीही फुकटची मिळाली, म्हणजे मी. आणि आपल्या स्वयंपाकघरात कुणी परकी बाई आई म्हणून वावरणार हे कळल्यावर आमची आईच पदर खोचून म्हणाली, "मी काय मेली आहे काय?" झालं, आई पण मिळाली.

गोष्ट मुली विकणाऱ्यांची होती. फॅक्टरीच्या वस्तीत एक सभ्य दिसणारा माणूस येतो, मोठ्या शहरात नर्सची नोकरी लावून देतो म्हणतो, पोरीला घेऊन जातो आणि विकतो. शेवटी ती आणखी चार पोरींना सोडवून परत येते. दिग्दर्शकानं ही गोष्ट आमच्या ओसरीवर बसून रंगवून सांगितली आणि मी चोरून आईकडे पाहिलं.

कारण त्याच आठवड्यात मला नागपूरहून पत्र आलं होतं. नर्सिंगच्या शिक्षणाला माझी निवड झाली होती. मला त्याचं वेड लागलं होतं, आणि आई ऐकायला तयार नव्हती. "नागपुरात आपलं कोण आहे? एकटी पोर काहून पाठवायची?" एवढं एकच ती धरून बसली होती. आता तर तिला पुरावाच मिळाला. दिग्दर्शक उठायच्या आत ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पाहिलं? नोकरीच्या नावानंच नेतात."

मी मुळातली हट्टी. बाबांची सही घेतली आणि होकार टाकून दिला पोस्टात. नाटकात तलवार घेऊन शंभर जणांवर धावून जाणारे बाबा सही करताना म्हणाले, "आईला मात्र तूच सांग." तीन दिवस मी तोंड उघडलं नाही. सोमवारी निघायचं होतं आणि आज होता शुक्रवार.

शुक्रवारीच तो सीन होता. आईनं दारात उभं राहून माझा हात त्या माणसाच्या हातात द्यायचा. बस, एवढंच. पण परक्या माणसाला कुळ-गाव न विचारता पोर देणं आमच्या घरात कुणाला जमलं नसतं, कॅमेऱ्यापुढे तर नाहीच. कॅमेरा सुरू झाला आणि आईनं माझा हात घट्ट धरून खलनायकाला विचारलं, "अच्छा भैया, तुमचं मूळ गाव कोणतं?"

तो गडबडला. गडबडला आणि मराठीत बोलला, "अचलपूर."

"अगंबाई! माझं माहेर ते! कोणती आळी?"

दिग्दर्शक ओरडत होता, रीळ फिरत होतं, आणि या दोघांनी त्याच्या आजोळापर्यंत मजल मारली. त्याची मावशी आईच्या शाळेत निघाली आणि आता नागपुरात महाल भागात राहत होती. आळीतल्या बायकांनी तर टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या खेपेला आई शहाण्यासारखी गप्प उभी राहिली, पण हसत हसत. इतक्या आनंदानं तिनं माझा हात त्याच्या हातात दिला, की जणू माझं लग्नच ठरलं. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. "माताजी, ये आदमी आपकी बेटी को बेचनेवाला है!"

"काहीतरीच! चांगल्या घरचा आहे तो," आई म्हणाली.

आता रिळाचा शेवटचा तुकडा उरला होता. हा सीन बिघडला तर सिनेमा इथंच संपणार होता. दिग्दर्शकाची बायको देवाचं नाव घेऊन डोळे मिटून बसली. मला त्यांची दया आली आणि स्वतःचीही. आवाज इथं कुठं भरला जाणार होता? मी आईच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "आई, मी नागपूरला हो कळवलं. सोमवारी जाऊन राहिले."

तिचं हसू विरलं. माझ्या मनगटावरची तिची बोटं एवढी आवळली की बांगडी रुतली. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत थोबाडीत बसणार. ती माझ्याकडे बघत राहिली, बघतच राहिली. मग तिनं एक एक बोट सोडलं, माझा हात खलनायकाच्या हातात ठेवला आणि काहीतरी बोलली. नेमका तेव्हाच फॅक्टरीचा भोंगा झाला. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"कट!" दिग्दर्शक नाचत आला आणि आईच्या पाया पडला. आई आत निघून गेली. थोड्या वेळानं ती कागद-पेन घेऊन बाहेर आली आणि खलनायकाकडून त्याच्या मावशीचा पत्ता लिहून घेतला. सोमवारी तिनं माझ्या हातावर दही घातलं. पुढची तीन वर्षं माझे रविवार मावशींकडे गेले. त्या भरली वांगी फार छान करायच्या.

सिनेमा पडला, हे सांगायला नको. कमानिया गेटजवळच्या टॉकीजमध्ये तो एक आठवडा टिकला, तोही आमच्या आळीच्या जोरावर. मी सुट्टी काढून आले होते. पडद्यावर आईचा तो चेहरा आला आणि थिएटरभर बायका रडायला लागल्या. मीही रडले, लाज कसली. मुंबईच्या कुण्या बाईचा गोड आवाज आला, "जा बेटी, सुखी रहना."

"हे मी नव्हतं म्हटलं," आई शेजारून पुटपुटली.

"मग काय म्हटलं होतंस?"

"म्हटलं, विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं मी."

मी तिचा हात धरला. पडद्यावर खलनायक मला जीपमध्ये बसवत होता. आईनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "खोटं होतं ते. हो नसतं म्हटलं. त्या सिनेमात तेवढीच एक ॲक्टिंग केली मी."