हॉलात वाजलेला आईचा आवाज

स्पीकरवर माझ्या आईचा आवाज वाजला.

"काहून वं पोट्टे, जेवून नाही राहिली? मले सांग न, भाजी खारट झाली का?"

सारा हॉल हसला. रायपुरातल्या तेलीबांध्याच्या कॉल सेंटरातली आमची नवी बॅच. ताईनं आवाज थांबवला अन् सगळ्यांकडे पाहून म्हणाली, "ये जो सुना न, यही मैल है. ज़बान से यही धोना है."

मी तिथंच बसली होती.

ताई म्हणजे आमची ट्रेनर. चौबे कॉलोनीतली, जुन्या मराठी घराण्यातली. आम्ही विदर्भातून आलेले बौद्ध, बाप उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये घाम गाळते. पहिल्याच दिवशी तिनं माझं आडनाव विचारलं, तरी म्हणाली, "अगं, तू आपलीच मुलगी. मी तुला तयार करते." रायपुरात कोणी मराठीत बोललं की जीव कसा भरून येते! मी भाळली. मंग ती म्हणाली, "घरी कशी बोलतेस ते रेकॉर्ड करून आण. जीभ कुठे अडते ते कळेल. फक्त माझ्यासाठी."

आईले सांगितलं तं तिनं पदर सारखा केला, जसा कोणी फोटोच काढून राहिला. "माझा आवाज तुझ्या हापिसात जाईन का वं?" लय खुश होती बाई.

तोच हा आवाज.

मंग ताईनं दुसरे आवाज लावले. अमेरिकेतले. कपडे धुवायच्या मशीनच्या तक्रारी ऐकायच्या, हे आमचं काम. एक म्हातारी 'वॉश'ले 'वॉर्श' म्हणे. फिलाडेल्फियाकडचा एक माणूस 'वॉटर'ले 'वूडर'. दक्षिणेकडची एक बाई 'पेन' म्हणायले जाये अन् तोंडातून 'पिन' निघे. मागं एक पोट्टा फिस्सकन हसला. ताईनं डोळे वटारले.

"हँसना नहीं! ये उनके इलाके की मिठास है. कस्टमर की बोली की इज़्ज़त करो."

मिठास! म्हातारीच्या 'वॉर्श'ची मिठास, अन् माझ्या आईच्या 'मले'चा मैल?

सोमवारी माझी नोकरी पक्की व्हायची होती. सारं ताईच्या हातात. हे डोक्यात होतं, तरी मी उभी झाली. मराठीतच बोलली, आमच्या मराठीत. "ताई, तिच्यावर हसायचं नाही, तं माझ्या मायवर काहून हसवलं? ते रेकॉर्डिंग मिटवा. आत्ताच्या आत्ता."

ताई जवळ आली, हळूच बोलली. "अगं, गंमत होती. मनाला काय लावून घेतेस? आपल्याकडे कोणी असं बोलत नाही. ते तुमच्याकडचं."

आपलीच मुलगी होती मी. एका दमात तुमच्याकडची झाली. तुमच्याकडचं म्हणजे कोणाकडचं, ते आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालेही कळते. शिवी दिली असती तं इतकं लागलं नसतं. केसानं गळा कापला तिनं.

मी पर्स उचलली अन् निघाली.

घरी आई कणीक मळून राहिली होती. "मॅडमनं आयकला का वं माझा आवाज? काय म्हणे?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलली. सारं सांगितलं. तिचे हात परातीतच थांबले. म्हणे, "माझं बोलणं इतकं खराब आहे का वं?"

आजवर त्या बाईनं कधी हे विचारलं नव्हतं. हे ताईनं तिच्या तोंडात घातलं. हे मी सोडणार नाही.

येऊ दे सोमवार. मी त्याच हॉलात जाऊन राहिली, आईले संग घेऊन. सगळ्यांसमोर वाजवला न आवाज? सगळ्यांसमोर मिटवा. अन् माफी मांगा, आईच्या तोंडाकडे पाहून. नोकरी गेली तं गेली, खड्ड्यात जावो. 'वॉर्श' म्हणणाऱ्या म्हातारीशी माझं भांडण नाही, तिच्याशी मी इंग्रजीत गोडच बोलीन. पण ताईसमोर 'मला' म्हणणार नाही. मले म्हणीन, तिच्या तोंडावर म्हणीन.

आई घाबरली. "मी काय बोलू वं तिथं?"

म्हटलं, "घरी बोलते तसंच बोल. अन् जोरानं बोल."