आबुआन मावशीच्या कुत्र्याची गादी

आबुआन मावशीचं तोंड भलतंच फटकळ. पण ताइनान शहरातल्या त्या गल्लीत स्कूटरची सीट भरून, शिवून देणारं दुसरं दुकानच नव्हतं, त्यामुळे लोक मुकाट्याने ऐकून घ्यायचे. घरात पाचवी मुलगी झाली तेव्हा आईबापांनी "आता पुरे" अशा अर्थाचं आबुआन हे नाव ठेवलं होतं. मावशी म्हणायची, "ते पुरे म्हणाले, मी कुठे ऐकलं!"

लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. घरात ती आणि तिचा चौदा वर्षांचा कुत्रा. भातावर मऊ शिजवलेलं डुकराचं मांस घालतात त्याला लोबा म्हणतात. कुत्र्याचा तपकिरी रंग अगदी तोच, म्हणून हाही लोबा. रुबाब असा, की दुकान जणू ह्याच्याच नावावर आहे.

त्या हिवाळ्यात लोबाने गादी सोडली. उन्हाळ्यात सगळीच कुत्री फरशीवर पसरतात, त्याचं कुणाला काही नाही. पण थंडीची लाट आली, सगळी गल्ली जाडजूड जॅकेटं चढवून आणि पायात सपाता घालून कुडकुडायला लागली, तरी हा पठ्ठ्या दाराजवळच्या गार फरशीवरच. उठताना मागचे पाय लटपटायचे. शेजारी माशाची पेज विकणारी सुईखिम वहिनी एकदा हळूच म्हणाली, "मावशी, म्हातारी कुत्री जायच्या आधी अशीच माणसापासून लांब लांब सरकतात हो. मनाची तयारी ठेवा."

"तुझी पेज उतू चाललीये, ती बघ आधी!" मावशी खेकसली. पण त्या दिवशी तिने दोन सीटांना शिवण उलटी घातली. आपला लोबा चालला, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. देवळातून लाल ताईत आणून त्याच्या गळ्यात बांधला. कोंबडीचं सूप करून पाजलं. डॉक्टरने तपासून सांगितलं, सांधे धरलेत, बाकी ठणठणीत आहे. मऊ जागी झोपू द्या. मावशी उसळलीच. "गादी आहे की त्याला! लाल फुलांची, गेल्याच सणाला नवी केलेली!"

नवं वर्ष आठवड्यावर आलं होतं. सणाला सगळ्यांना सगळं नवं हवं, म्हणून दुकानात ही गर्दी. त्यात बस चालवणारा फांग आपली स्कूटर घेऊन आला. "मावशी, नुसतं वरचं कव्हर बदला. लाल घाला."

मावशीने सीटमध्ये मूठ रोवली. "हे बघ. खालची पाटी हाताला लागतेय. मूठ काढली तरी खड्डा तसाच. जीव गेलाय ह्या स्पंजातला! सिग्नलला थांबलास की सारखा इकडेतिकडे सरकतोस की नाही?"

"सरकतो."

"कधी बदललास?"

"दर वर्षी नवं करतो की."

"अरे कव्हर नाही, मुडद्या, आतला स्पंज विचारतेय! वरून नटवून काय करायचंय?"

फांगला राग आला. "मला कशाला बोलता? तुमच्या लोबाची गादी तर दर वर्षी नवी होते. तरी बिचारा फरशीवरच ना?"

मावशी तरातरा लोबाच्या गादीपाशी गेली. दर नववर्षाला ती गादीला नवं कव्हर शिवायची, हे खरं. आणि आतला स्पंज? ती गुडघ्यांवर बसली आणि लोबाच्या गादीत मूठ दाबली. मूठ थेट फरशीला टेकली. मध्ये खोल खड्डा, कडेला गोळे. त्यापेक्षा फरशी निदान सपाट तरी होती.

"अगं बाई गं! ह्या स्पंजाला आठ वर्षं झाली!" मावशीला हुंदकाच फुटला. "जगाला अक्कल शिकवत बसले, आणि घरचं पोर दुखरी हाडं घेऊन बसलंय!"

फांग घाबरला. "मावशी, रडू नका हो. घाला तुम्ही स्पंज, नवा घाला!"

सणाची सगळी कामं बाजूला सारून तिने त्याच दुपारी गादी भरली. खाली घट्ट स्पंज, वर मऊ, आणि पाय उचलावा लागू नये म्हणून पुढची कड उतरती. लोबाने हुंगलं, स्पंज चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने शिंकला आणि परत दाराशी जाऊन पडला. मावशीने नव्या कव्हराचे टाके उसवले आणि जुनं मळकं, लाल फुलांचं कव्हर वरून चढवलं. दोन दिवस तो लांबूनच बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी माडीवरून खाली दुकानात आली तर फरशी रिकामी. लोबा गादीवर कुशीवर पडलेला, चारही पाय ताठ.

"लोबा."

कानसुद्धा हलला नाही.

"ए लोबा!"

मावशी गुडघ्यांवर टेकली. सुईखिमचे शब्द कानात वाजायला लागले. ती सरपटतच पुढे गेली आणि तिने त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट गरम होतं. लोबाने एक डोळा किलकिला केला, लांबलचक उसासा टाकला, तिच्याकडे पाठ केली आणि घोरायला लागला.

"मेल्या!" मावशी अशी किंचाळली की सुईखिम वहिनी डाव हातात घेऊनच धावत आली. मावशी रडतही होती आणि हसतही. "झोपलाय गं! नुसता झोपलाय!"

मग एकदम तोंडावर बोट ठेवून तिने वहिनीला दाराबाहेर ढकललं. आणि सणाची गिऱ्हाईकं रांगेत खोळंबलेली असताना तिने दुपारपर्यंत शिवणयंत्राला हात लावला नाही.