पीक हॉलमध्ये, मालक हदगावला

रविवार, ९ नोव्हेंबर. यंत्राची टाकी धुवायची होती.

आमच्या नांदेडच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, टीव्हीशेजारी पालकाचं पीक उभं होतं आणि ते हदगावच्या थोरल्या भाऊजींच्या नावावर होतं. हे कसं झालं ते आधी सांगते, कारण चूक माझीच आहे.

सप्टेंबरच्या शेवटी सासऱ्यांचा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने नांदेड सोडायचं नाही, रोज दवाखान्यात व्यायामाला यायचं, नाहीतर नवा गुडघा गंजलेल्या कडीसारखा अडकेल. मामा (आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात) आठव्या दिवसापासून रोज सकाळी धोतर नेसून, पिशवी भरून दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले.

"सुजाता, हदगावची गाडी किती वाजता हाय?"

"मामा, अजून टाके ओले आहेत."

"टाके गावाकडं बी वाळतात."

गावाकडे गेले की ते काठी टेकत थेट सोयाबीनच्या बांधावर जाणार, हे डॉक्टर सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी शाळेत जाताना बाहेरून कुलूप लावायचा विचारही केला होता. (फक्त विचार. दोनदा.)

पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या प्रज्ञानं आजोबांसाठी ते यंत्र पाठवलं. माती नाही, फक्त पाणी. चार फळ्या, प्रत्येकीत दहा भोकं, वर जांभळा दिवा, खाली टाकी. पाणी आपोआप फिरतं, खत आपोआप पडतं. उष्णता, दमटपणा, पाण्याची पातळी, खताचा जोर, सगळं यंत्रच मोजतं, आणि दर तासाला एक फोटो काढून मोबाइलवर धाडतं.

मामांनी पहिले तीन दिवस त्याच्याकडे पाठ केली. चौथ्या दिवशी पालकाला दोन-दोन पानं फुटली. पाचव्या दिवशी पिशवी रिकामी झाली.

"आज गाडी नको का?" मी विचारलं.

"उभं पीक टाकून कोणी गावाला जातं का?" मामा म्हणाले. "काय पन बोलती."

झालं. पीक उभं आहे तोवर मामा नांदेडला, हा आमच्या घरचा कायदा ठरला. मला तरी दुसरं काय हवं होतं?

मी हळवी बाई नाही. पण त्या दिवसांत घराचं काहीतरी झालं होतं खरं. पहाटे उठून यावं तर हॉलभर जांभळा उजेड पाण्यासारखा साचलेला. त्यात सोफा तरंगल्यासारखा दिसायचा, कॅलेंडर तरंगायचं, मामांचं पांढरं धोतर फिकट जांभळं होऊन हलायचं. यंत्रातला छोटा पंखा पानांना वारा घालायचा, खिडक्या बंद असताना चाळीस रोपं एकदम डुलायची. पाणी फळीवरून फळीवर उतरताना बारीक गुणगुणायचं. "पाट वाहून राहिला," मामा डोळे मिटून म्हणायचे. मीही चहाचा कप घेऊन शेजारी बसायचे आणि चहा गार व्हायचा. शाळेला दोनदा उशीर झाला. कारण लिहिलं, पाणीपुरवठा. खोटं म्हणता येणार नाही.

आता मालकीचं. यंत्र जोडलं त्या दिवशी प्रज्ञा व्हिडिओवर होती.

"आई, एकजण मालक लागतो. सेटिंग तोच बदलणार. आणि चार सदस्य. त्यांना आकडे दिसतील, फोटो दिसतील, दिवसातून एकदा खताचं बटण दाबता येईल. मालक कोण करू?"

आमच्या घरात लग्नपत्रिका असो की घरभरणी, पहिलं नाव थोरल्या भाऊजींचं. तोंडाला सवयच लागलीय. "थोरले भाऊजी," मी म्हटलं.

"ते हदगावला असतात."

"मग काय झालं? मान त्यांचा."

पुढे सदस्य. लातूरच्या करुणाताई, म्हणजे माझी नणंद; बापाचं पीक लेकीला दाखवायचं नाही, असं कसं चालेल? नणंदेला दिलं आणि जावईबापूंना वगळलं तर पुढची दहा वर्षं ते आमच्याकडे फक्त पाणी पिणार. तिसरे आमचे हे. चौथी प्रज्ञा, तिनं यंत्र घेतलं. यादी भरली. टाकी धुणारी मी आणि राखण करणारे मामा, आम्हा दोघांना काहीच दिसत नव्हतं. (ह्यांना दिसत होतं. पण ह्यांना फ्रिजमधलं दहीही समोर असून दिसत नाही.)

दुसऱ्याच दिवशी लातूरहून फोन.

"वैनी, दुपारी एक वाजता दमट एकदम नव्वदवर गेलं. कुकर लावलता का?"

"हो."

"बराच वेळ लावलता. मटण?"

यंत्र स्वयंपाकघराच्या दाराशी होतं, एवढंच माझं पाप. मग रोजचंच झालं. आज उष्णता वाढली, पंखा लावला नाही का. फोटोत सोफ्यावर कोण झोपलंय, तुम्ही का? साडेपाचला दमट का नाही वाढलं, बाबांना चहा मिळाला का नाही? वर्गात मी साठ पोरांवर नजर ठेवते. माझ्यावर कोणी ठेवली की कसं वाटतं, ते तेव्हा कळलं.

आणि सगळे बापाच्या मायेपोटी रोज सकाळी खताचं बटण दाबत होते. लातूरहून दोन वेळा, नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं. पुण्याहून एकदा. थोरल्या भाऊजींनी तर कळसच केला. मालकाला पीक निवडता येतं, तर त्यांनी पालक काढून टोमॅटो निवडला. का? तर टोमॅटोला खुराक सगळ्यात जास्त. "बाबाच्या पिकाला दोन घास जास्तच जाऊ द्या की," हे त्यांनी नंतर सांगितलं.

तर तो रविवार. सकाळी मामांनी मला हाक मारली. पालकाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. मामांनी टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

"मीठ झालंय पाण्याचं. करपून राहिलं समदं."

मी करुणाताईंना फोन लावला. "सगळं हिरवं दाखवतंय वैनी, एकदम झकास," त्या म्हणाल्या. दाखवणारच. टोमॅटोच्या हिशेबानं झकासच होतं. मी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, तुमचा नंबर यादीत नाही."

"यंत्र माझ्यासमोर आहे. माझा हात त्याच्यावर आहे."

"असेल. पण माहिती मालकालाच मिळते. त्यांना सांगा, तुम्हाला सदस्य करायला."

"यादी भरलीय."

"मग कुणालातरी काढावं लागेल."

कुणाला? जावयाला? थोरले भाऊजी बैलजोडी बघायला माहूरच्या डोंगरात गेलेले, रेंज नाही. आमचे हे औशाला मित्राच्या मुलीच्या लग्नात, बँडच्या आवाजात फोन ऐकू येत नाही.

मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हंजे सातबारा थोरल्याच्या नावावर, अन् कसणारी तू," ते म्हणाले. मग उठले आणि पिशवी शोधायला लागले. "पीक जळताना बघत बसायला म्या काय न्हाई थांबत. अकराची गाडी सापडंल."

अजून पंधरा दिवसांचा व्यायाम बाकी होता. मी म्हटलं, "मामा, टाकी रिकामी करू. साधं पाणी भरू. यंत्राला काय कळायचं ते कळू दे."

मामांनी पिशवी खाली ठेवली.

टाकीचं बूच खालच्या बाजूला. माझा हात पोचेना. मामांचा हात लांब, पण गुडघा वाकत नाही. न वाकणाऱ्या माणसाला खाली जायचा एकच मार्ग असतो. मामा सरळ जमिनीवर उताणे झोपले, यंत्राखाली सरकले आणि बूच उपसलं. पाणी बदाबदा त्यांच्या तोंडावर आलं. त्यांनी डोळे मिटले. मी बादली उचलून त्यांच्यावर वाकले. अकरा वाजले आणि यंत्रानं फोटो काढला.

तेवढ्यात पाणी विजेच्या बोर्डाकडे निघालं, म्हणून मी प्लग ओढला. यंत्र बंद झालं.

आम्हाला काहीच कळलं नाही. आम्ही टाकी तीनदा धुतली. मामांनी धोतर बदललं. मग दिवा नसलेल्या साध्या उन्हात आम्ही दोघं रोपांसमोर बसलो. मामा लहानपणीच्या एका विहिरीबद्दल बोलत होते, तिच्या पाण्यात दुपारी आभाळ उतरायचं आणि पोरं आभाळात उड्या मारायची. मला ऐकता ऐकता डुलकी लागली. त्यांनाही लागली. माझा फोन शाळेच्या सवयीनं मुका करून पोळ्यांच्या डब्यावर ठेवलेला होता.

दीड वाजता दार वाजलं.

दारात थोरले भाऊजी. डोंगर उतरल्यावर हदगावच्या अलीकडे त्यांना रेंज आली होती आणि रेंजबरोबर तो फोटो आला होता. जांभळ्या उजेडात बाप भिजून उताणा, डोळे मिटलेले, वर सून बादली घेऊन. त्याखाली सूचना, 'संपर्क तुटला. तात्काळ लक्ष द्या.' मागे जीपभर भावकी, सगळे पांढऱ्या कपड्यांत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"काय रे," मामा खुर्चीतून म्हणाले, "जोडी जमली का?"

भाऊजी उंबऱ्यातच बसले.

अडीचला हे आले, औशाच्या लग्नातला फेटा तसाच डोक्यावर. तीनला करुणाताई आणि जावईबापू. प्रज्ञाला पुण्याहून निघायच्या आत व्हिडिओवर आजोबा दाखवले. करुणाताईंचं रडणं तळमजल्यापासूनच ऐकू येत होतं आणि प्रत्येक मजल्यावर एक दार उघडत होतं. वर येऊन त्यांनी बापाला जितं पाहिलं, तेव्हा त्या माझ्यावर चिडल्या.

"फोन उचलायला काय झालतं वैनी?"

"झोप लागली होती."

"फोटोत दिसतंच की रोज."

चौदा माणसं. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नाही. घरात तूरडाळ होती, ज्वारीचं पीठ होतं आणि दुसरी भाजी नव्हती. मी विळी घेतली आणि पालक कापला. चाळीसच्या चाळीस रोपं, करपलेल्या कडा खुडून. डाळीत घातला, वरून लसणाची फोडणी दिली. पंगत बसली. सगळे म्हणाले, झकास.

मामा शेवटचा घास घेऊन ताटात हात धुवायला लागले. "चला, रास झाली," ते म्हणाले. "आता म्या मोकळा."

"उद्या सकाळी जीपनंच चला बाबा," भाऊजी म्हणाले.

मी पळी घेऊन उभी होते. कायदा माझ्याच घरचा, विळी माझ्याच हातची.

यादीचाही विषय निघाला. भाऊजी म्हणाले, सुजाताला सदस्य करू. जावईबापूंनी मोठ्या मनानं स्वतःचं नाव काढायला सांगितलं. त्यावर करुणाताई म्हणाल्या, "काढायचं तर माझं काढा. पन सांगते वैनी, दुपारी दमट वाढलं की मला कळायचं, बाबा आता जेवायला बसतेत. माहेरचं तेवढं एक दिसत होतं."

मी म्हटलं, "राहू द्या. माझं काही अडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठले. हॉलभर माणसं झोपलेली, त्यांच्यामधून पाय टाकत गेले, प्लग लावला. जांभळा उजेड पसरला आणि सगळी माणसं तळ्याच्या तळाशी निजल्यासारखी दिसायला लागली. मी स्वयंपाकघरातून धन्यांचा डबा आणला, मूठभर धने रगडून दोन-दोन भाग केले आणि चाळीस भोकांतल्या ओल्या स्पंजांवर टाकले. मामा उठायच्या आत पेरणी उरकली.

साडेसहाला भाऊजी जीपची किल्ली घेऊन उभे राहिले. मामा पिशवी घेऊन आले.

"पेरणी झालीय मामा," मी म्हटलं. "कोथिंबीर."

मामांनी एक दाणा उचलला. दोन बोटांत चोळला. नाकाशी नेला, पुन्हा एकदा हुंगला. मग माझ्याकडे पाहिलं आणि दाणा जागेवर ठेवला.

"थोरल्या, तू जा," ते म्हणाले. "हे उगवस्तोवर म्या काय हलत न्हाई."

ते खुर्चीत बसले. जीप गेली. मी डबा जागेवर ठेवायला स्वयंपाकघरात गेले, झाकण उघडलं आणि मलाही वास आला. कच्च्या धन्यांचा डबा फळीवर भरलेलाच होता. मी आणलेला दुसरा होता. येसराच्या मसाल्यासाठी शनिवारी मीच खरपूस भाजून ठेवलेले धने.

म्हटलं, मामा आंघोळीला गेले की बदलून टाकू. माझी शाळेची वेळ झाली तरी मामा आंघोळीला गेलेच नाहीत. पिकासमोरून हललेच नाहीत.

मग मी शाळेत गेले. पहिला तास सहावीचा विज्ञानाचा, धडा बी कसं रुजतं. मी फळ्यावर तारीख लिहिली, वर्गाकडे पाहिलं आणि सगळ्या पोरांना खो-खो खेळायला मैदानावर सोडलं.