व्याह्यांच्या तिकिटावर

गुंजवणे ते नसरापूर वडाप चालवणाऱ्या चिमाजीचा आवाज ज्यानं ऐकला नाही, तो माणूस आमच्या खोऱ्यातला नव्हेच. वडाप म्हणजे जीप, आणि जीप म्हणजे बसतील तेवढी माणसं, वर आणखी दोन. स्टँडावर पाय रोवून चिमाजी "चला नसरापूर, नसरापूर, नसरापूर" असं लावायचा तेव्हा समोरच्या डोंगरावरून ते परत यायचं. एकदा तर वेल्ह्याला निघालेली एक म्हातारी एसटीतून उतरून त्याच्या जीपमध्ये येऊन बसली. नसरापूर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्याला उलट्या दिशेला जायचं होतं. चिमाजी म्हणाला, "आजे, मग बसलीस कशापायी?" तर म्हातारी म्हणते, "येवढ्या मायेनं बोलावलंस, न्हाई कसं म्हनू?" तिला परत सोडायला गडी वेल्ह्यापर्यंत गेला आणि वर तिच्याकडून चहा पिऊन आला. असा माणूस.

त्याच्या शेजारचं घर गेनूचं. गेनू महामार्गावरच्या एका कारखान्यात पाळीवर, त्याची बायको रतनबाई शेतात, आणि पोरगा अमृत चिमाजीच्या जीपमागं. टपावरची गाठोडी चिमाजी वरून फेकायचा आणि हे पोरगं खाली झेलायचं. तांदळाची पिशवी, कोंबडीचं खुराडं, एकदा तर टोमॅटोचं क्रेट. काही म्हणजे काही खाली पडायचं नाही. नसरापूरच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी ते एकदा रस्त्यावरून पाहिलं आणि पोराला फुटबॉलच्या गोलात नेऊन उभं केलं. पुढं भोरला सराव, मग पुण्याला. प्रत्येक वेळी जीप चिमाजीची आणि भाड्याचं नाव नाही. यंदा अमृत पुण्याच्या क्लबात गोलकीपर झाला, तेव्हा चिमाजीनं जीपच्या मागच्या काचेवर क्लबाचा निळा रंग मारून घेतला. काचच रंगवली, त्यामुळं मागचं काही दिसेना, तो भाग वेगळा.

पुण्यातल्या मॅचची तिकिटं सोपी. मोबाईलवर काढायची, गेटवर दाखवायची. पण कोल्हापूरची मॅच ठरली आणि चिमाजीला कळलं की परगावच्या मैदानाचं तिकीट ही निराळीच गोष्ट आहे. यजमान क्लब पाहुण्यांसाठी एक कोपरा राखून ठेवतो आणि त्यातली मोजकी तिकिटं पाहुण्या क्लबाकडं पाठवतो. ती वाटायचं काम भोरच्या मंदारकडं. मंदार सरकारी कचेरीतला, गोड बोलणारा, पाठीराख्यांच्या मंडळाचा प्रमुख.

"काका, नियम असा आहे," मंदारनं समजावलं, "जे आधी बाहेरगावच्या मॅचला गेलेत त्यांना आधी तिकीट. जितक्या वेळा गेलात तितका नंबर वर."

"म्या अजून एकदाबी गेलो न्हाई."

"म्हणून तुमचा नंबर शेवटी."

"मग तिकीट मिळालं तरच जानार, आन् गेलो असलो तरच तिकीट मिळनार. ह्ये कुनी शोधून काढलं?"

मंदार हसला. रविवारी राजगडावर जाणाऱ्या पोरापोरींनी जीप भरते म्हणून चिमाजी आजवर बाहेर गेला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. तो हळूच म्हणाला, "काका, खेळाडूंना घरच्यांसाठी दोन तिकिटं मिळतात. अमृतला सांगा की. त्याच्या घरचं कुणी जातच नाही."

आता हे सांगणं काही वाईट नव्हतं. पण स्टँडावर चिमाजीनं आधीच सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं की कोल्हापूरला मी माझ्या हिमतीवर जाणार. आणि ज्याला आपण फुकट नेलं-आणलं त्या पोरापुढं हात पसरायचा? "न्हाई," तो म्हणाला, "पोराला बोलू नगंस. माजं म्या बगतो."

बघितलं ते असं. चिमाजीची लेक शिवानी कोल्हापुरात दिलेली. तिचे सासरे आनंदराव त्यांच्या क्लबाचे जुने सभासद. चिमाजीनं फोन लावला. आनंदरावांनी होकार दिला, पण फोनवर त्यांचा आवाज जरा बारीक झाला.

"व्याही, तिकीट माझ्या नावावर निघणार, आमच्या लोकांतलं. सभासदाच्या तिकिटावर पाहुण्या संघाचा माणूस सापडला तर सभासदत्व जातंय. तेवढं सांभाळा. निळं काही घालू नका. आणि तुमचा तो आवाज गावात ठेवून या."

"आवाज ठिवूनच येतो," चिमाजी म्हणाला.

मॅचच्या दिवशी आनंदरावांनी स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात आपल्या क्लबाचा पिवळा गमछा घातला. शिवानी दारात उभी राहून हसू दाबत होती. "आप्पा, जपून हं," ती म्हणाली, "मला हितं नांदायचंय." तिनं थट्टा केली होती. चिमाजीनं ती मनाला लावून घेतली. लेकीच्या सासरची अब्रू आपल्या तोंडावर टांगलेली आहे, असं समजूनच तो मैदानात शिरला.

पहिला अर्धा भाग ठीक गेला. अमृत पलीकडच्या गोलात होता, मुठीएवढा दिसत होता. त्यानं दोन चेंडू असे काही काढले की चिमाजीनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. लांबच्या कोपऱ्यात निळ्या कपड्यांतली आपली माणसं नाचत होती. त्या कोपऱ्याकडं बघायचंसुद्धा त्याला भय वाटत होतं.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि अमृत बरोबर ह्यांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. मध्ये जाळी, आणि जाळीपलीकडं पोराची पाठ. मानेवरचा उन्हानं रापलेला पट्टासुद्धा दिसत होता.

मागच्या रांगेत एक मिशाळ गृहस्थ शेंगा खात बसला होता. त्यानं वाकून एक मूठ पुढं केली. "घ्या. कुठलं म्हणायचं पावणं?"

"हितलाच," चिमाजी म्हणाला.

"हितलं म्हंजे कुठलं?"

चिमाजीला कोल्हापुरातली एकही पेठ आठवेना. शेजारी बसलेल्या आनंदरावांनी खाकरून सांगितलं, "आमचे नातेवाईक आहेत."

"तसं न्हवं," मिशाळ गृहस्थ म्हणाला, "बोलणं पुण्याकडचं वाटलं म्हणून इचारलं."

त्या माणसाच्या मनात तिळमात्र काही नव्हतं. त्याला शेंगा संपेपर्यंत गप्पा हव्या होत्या, बस. पण चिमाजीला वाटलं, ओळखलं ह्यानं. आता हा उठणार, चार जणांना बोलावणार, आनंदरावांचं सभासदत्व जाणार, शिवानीला घरात बोल लागणार. एवढं सगळं त्याच्या डोक्यात एका दमात झालं. तेवढ्यात कोल्हापूरच्या संघाला कॉर्नर मिळाला. सगळे उठून उभे राहिले. चिमाजीही उठला, आणि आपण ह्यांच्यातलेच आहोत हे दाखवायला त्यानं छाती भरून हवा घेतली.

"अरं ये गोलकीपर," त्याचा आवाज निघाला, तोच स्टँडावरचा, डोंगराला जाऊन थडकणारा, "हात हायत का लाकडं? आयनं भाताच्या चिखलातच ठिवला आसता तर कामाला तरी आला आसतास."

अमृतनं मान वळवली.

अर्धा क्षण. पण तेवढ्यात चेंडू आला, गर्दीतून कुणाच्या तरी डोक्याला लागला आणि अमृतचा हात पोचेपर्यंत जाळीत गेला. आजूबाजूला आकाश फाटावं तसा गलका झाला. आनंदरावांनी चिमाजीला मिठी मारली. कुणीतरी त्याचा गमछा काढून त्याच्याच हातात दिला, तोही फिरवू लागला, कारण न फिरवणं आता शक्यच नव्हतं.

गलका ओसरल्यावर मिशाळ गृहस्थ पुन्हा पुढं वाकला. त्याचा आवाज पडलेला होता. "पावणं, एक सांगू का? आईला मधी घ्यायला नको हुतं. पोरगं ब्येस खेळतंय. आमी त्याला मघाधरनं टाळ्या वाजवतोय." आणि खरंच, अमृतनं पुढचा चेंडू उडी मारून बाहेर काढला तेव्हा ती सगळी पिवळी रांग टाळ्या वाजवत उठली. परक्या पोरासाठी. बसून राहिला तो एकटा चिमाजी. "कुणाचं पोरगं आसंल हो?" त्या गृहस्थानं सहज विचारलं.

"काय म्हाईत," चिमाजी म्हणाला.

मॅच एका गोलानं गेली. घरी आनंदरावांनी जेवताना तोंडभरून सांगितलं, "शिवानी, तुझे आप्पा आमच्याहून कट्टर निघाले की." शिवानीनं बापाकडं पाहिलं आणि वाढता वाढता थांबली. अमृत लहान असताना तिनं त्याला कडेवर खेळवलेलं. चिमाजीच्या पानात अर्धा तांबडा रस्सा तसाच राहिला.

परतीच्या एसटीत चिमाजीच्या शेजारी बसलेल्या माणसानं त्याला गाव विचारलं, तर त्यानं झोपेचं सोंग घेतलं. ह्या माणसानं जन्मात असं कधी केलं नव्हतं. नसरापूरला उतरल्यावर स्टँडावरच्या कुमार चहावाल्यानं विचारलं, "काय काका, आपल्या गड्यानं ऐन वक्ताला मान कुनीकडं वळवली ओ? मोबाईलवर सगळे त्येच दावत्यात." चिमाजी चहा न घेताच जीपकडं गेला. चार दिवस त्यानं स्टँडावर हाक मारली नाही. माणसं आपली आपण येऊन बसत. कुणी म्हणालं घसा बसलाय, कुणी म्हणालं मॅच हरल्याचं दुःख.

मग अमृत सुट्टीला घरी आला. भाताची झोडणी चालू होती. खळ्यावर रतनबाई, दोन मजूर बाया आणि अमृत. चिमाजी कुंपणाशी आला, परत गेला, पुन्हा आला. त्याला वाटलं होतं पोरगं तोंड फिरवेल, आणि त्याची त्यानं तयारी केली होती. पण अमृत पेंढी खाली टाकून धावतच आला आणि पाया पडला.

"काका, आलता की वो तुमी. मंदारदादा म्हनला, तुमाला तिकीट मिळालं न्हाई. म्हनून म्या माज्यातलं एक तुमच्या नावानं खिडकीवर ठिवलं व्हतं. मेसेजबी टाकला व्हता. आपल्या कोपऱ्यात सारकं बगत व्हतो, तुमी दिसंना. म्हनलं आला न्हाईत."

चिमाजीनं मेसेज पाहिलाच नव्हता. कुणाचा फोन येऊन ओळख पटायला नको म्हणून कोल्हापुरात त्यानं मोबाईल बंदच ठेवला होता, आणि परतल्यावरही उघडून पाहिला नव्हता.

"मग मागनं आवाज आला," अमृत सांगत होता, "गलक्यात शब्द काय कळलं न्हाईत, पन आवाज म्या कुटंबी वळकीन. लई बरं वाटलं. बगायला वळलो, आन् तेवड्यात घात झाला. म्हनू द्या लोकान्ला काय म्हनायचं ते."

आता बघा, इथं गप्प बसलं असतं तर सगळं मिटलं असतं. पोरगं खूश, गावात मान शाबूत, लेकीचं सासर खूश. चिमाजी गप्प बसायचं ठरवून आला होता का? नव्हता. पण शब्द कळले नाहीत हे ऐकून त्याच्या जिवात जीव आला, आणि जीव आला ह्याचीच त्याला इतकी लाज वाटली की त्याला खळ्याच्या कडेवर खाली बसावं लागलं.

"अमृत," तो म्हणाला, "त्ये तुला उभारी द्यायला न्हवतं."

"म्हंजे?"

चिमाजीनं सांगितलं. व्याह्यांचं तिकीट, पिवळा गमछा, मागचा माणूस. आणि अमृतनं विचारलं नसतानाही तो नेमकं काय ओरडला तेही सांगितलं, शब्दाला शब्द, पण एवढ्या हलक्या आवाजात की अमृतला वाकावं लागलं. चिखलाचं आलं, आईचं आलं. "आन् त्या मानसानं पोरगं कुनाचं म्हनून इचारलं," तो म्हणाला, "तर म्या म्हनलो काय म्हाईत."

अमृत सरळ झाला. खळ्यावर आईकडं त्यानं एकदा पाहिलं. मग हातातली काडी मोडली, आणखी मोडली.

"आयला सांगू नगा," अखेर तो म्हणाला. "म्या तिला फोनवर सांगून बसलोय, काका व्हते, एकटा न्हवतो म्हनून. त्या एका गोष्टीवर ती चार दीस जेवलीय."

तेवढ्यात रतनबाई पदरानं तोंड पुसत चहाचे कप घेऊन आलीच. मजूर बायांना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "बगा गं, ह्ये आमचं चिमाजी भावजी. घरचं मानूस गेलं न्हाई, ह्ये गेलं. येवड्या परक्या मुलखात माज्या लेकराच्या पाठीशी एकलं उभं ऱ्हायलं." तिनं कप त्याच्या हातात दिला आणि हसून विचारलं, "काय वरडलात वो भावजी? ह्यो म्हनतो, गलक्यात कळलं न्हाई."

चिमाजीच्या ओठाशी आलं होतं. त्यानं अमृतकडं पाहिलं. अमृत पेंढी उचलत होता.

"नावानं हाक मारली, आय," अमृत पाठमोराच म्हणाला. "दुसरं काय मारत्यात."

"व्हय का, भावजी?"

"व्हय वैनी," चिमाजी म्हणाला.

"मग झालं तर," रतनबाई म्हणाली आणि बायांकडं गेली. अमृतनं पेंढी फळीवर आपटायला सुरुवात केली, जरा जास्तच जोरानं, आणि दाणे चिमाजीच्या पायापर्यंत उडू लागले. चिमाजी कप धरून तिथंच बसून राहिला. उठावं तर कुणाकडं बघून उठावं, हे त्याला कळेना. चहावर साय धरली.