कोर्ट उठेपर्यंत

स्वतःच्याच गळ्याभोवती पंजा आवळायचा, डोळे वटारायचे, मग हात काढून मान पुढे करायची. "पाहा साहेब, आहे का खूण? जीव गेला का? नाही ना? मग?" बायकोचा गळा दाबणाऱ्या प्रत्येक नवऱ्यासाठी आमचे हे वकीलसाहेब मॅजिस्ट्रेटसमोर हाच तमाशा करत. आणि अख्खं कोर्ट हसायचं!

सत्तरच्या दशकातलं नागपूर. गळा दाबण्यासाठी कायद्यात वेगळं कलम नव्हतं. बाई मेली तर खून. जगली तर पोलीस 'साधी दुखापत' लिहून मोकळे. जिवे मारण्याचा प्रयत्न म्हणायचं, तर खूण दाखवा म्हणत. एवढ्यावर साहेबांची वकिली मस्त चालली होती.

स्वतःच्या गळ्याला मात्र काय जपायचे! खिशात ज्येष्ठमधाची कांडी, थंड पाणी पुढे केलं की चहावाल्यावर खेकसायचे, "अरे, गळा बसला तर खाऊ काय?" बार रूममध्ये सगळ्यांचे लाडके. नरखेडच्या बागेतली मोसंबी वाटायचे. मी तापाने पडले होते तेव्हा मलाही डबा पाठवला होता, तेही खरं. पण ते वारले तेव्हा सगळा बार मौन पाळून उभा राहिला आणि मी खुर्चीतून हलले नाही. तुम्हीही हलला नसता.

माझी एक अशील होती, संत्रा मार्केटात पेट्या भरणारी. नवऱ्याने दोन्ही हातांनी तिचा गळा दाबला, पार शुद्ध हरपेपर्यंत. मानेवर साधा ओरखडा नाही. आवाज मात्र गेला तो गेलाच, नुसती घरघर उरली. साहेब भर कोर्टात तिला म्हणतात कसे, "मोठ्यानं बोल वं बाई, कोर्टाले ऐकू नाही येऊन राहिलं!"

मग ठरलेली चाल. नवऱ्याने साध्या दुखापतीचा गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे काय, तर संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचं. गडी बसला, शेंगदाणे खाल्ले, पेंगला. कोर्ट उठलं, हाही उठला.

बाहेर साहेबांनी स्वतः सायकलरिक्षा बोलावली, त्याला बसवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा पोरी. झालं गेलं सोड. घर मोडू नको." अगदी मनापासून म्हणाले हो, संताप येतो तो त्याचाच!

ती माझा पदर घट्ट धरून उभी.

"आता काहून अडून राहिली? सजा झाली न त्याले?"

ती काहीतरी बोलली. साहेब कानामागे हात धरून म्हणाले, "काय म्हणते?"

मला ऐकू आलं होतं. "तो त सुटला. आज पुन्हा दाबन. मी नाई जात."

सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी मी ओरडले, "ती म्हणते, मी नाही जात!"

रिक्षा नवऱ्याला एकट्यालाच घेऊन गेली. साहेब माझ्याकडे बघत मान हलवू लागले. "बाई, तुम्ही आज एक संसार मोडला."

"हो," म्हटलं, "मोडला."